उजळणी करायची तर हिशेब मांडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बीएस्सीच्या पहिल्या सेमिस्टरची परीक्षा जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणीच्या झेरॉक्स दुकानांतून जीवशास्त्राच्या नोट्सचे गठ्ठे बाहेर पडू लागतात. सीमाभागातली बरीच मुले दहावीपर्यंत मराठीत शिकून पीयूसीला (अकरावी-बारावीला) इंग्रजीत गेलेली असतात. त्यांची भिस्त पाठांतरावर असते, आणि त्यात त्यांचा दोष फारसा नाही. पण उत्तरपत्रिकांत व्याख्या क्वचितच चुकलेल्या दिसतात. चुकतो तो हिशेब : आधी किती होते, कुठे गेले, शेवटी किती उरले. दुकानदार जमाखर्च मांडतो तशी उजळणी मांडून करायला हवी, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र.

सगळ्यात जास्त घोटाळा पेशीविभाजनात होतो. कांद्याच्या मुळाच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात. विभाजनापूर्वीच्या एस अवस्थेत डीएनए दुप्पट होतो, मग गुणसूत्रे किती? निम्मा वर्ग ३२ लिहितो. उत्तर १६ च. प्रत्येक गुणसूत्राला आता दोन क्रोमॅटिड, म्हणजे जुळे धागे, असतात, म्हणून डीएनएचे रेणू ३२, पण ते धागे जोडणारे सेंट्रोमिअर १६. आणि गुणसूत्रे सेंट्रोमिअरवरून मोजायची. अॅनाफेजमध्ये, म्हणजे हे धागे विलग होण्याच्या अवस्थेत, सेंट्रोमिअर दुभंगतात, तेव्हा त्या एकाच पेशीत घटकाभर ३२ गुणसूत्रे असतात, मग दोन पेशींत १६-१६. मिऑसिसमध्ये, म्हणजे गुणसूत्रे निम्मी करणाऱ्या दुहेरी विभाजनात, पहिल्या विभाजनानंतर प्रत्येक पेशीत गुणसूत्रे ८ आणि डीएनएचे रेणू १६. दुसऱ्यानंतर गुणसूत्रे ८, रेणूही ८. अवस्था, गुणसूत्रे, रेणू असे तीन रकाने पाडून पुस्तक मिटून हा तक्ता भरता आला, तर लेप्टोटीन ते डायाकायनेसिस ही मिऑसिसच्या सुरुवातीच्या अवस्थांची नावे मागाहून पाठ केली तरी चालतील. ज्याला नावे येतात पण तक्ता भरता येत नाही, त्याला मिऑसिस आलेले नाही, असे आम्ही स्पष्टच म्हणतो.

याला प्रात्यक्षिकाची जोड हवी, आणि ते कांद्यावर स्वस्तात होते. कोंब फुटू लागलेला जुना कांदा घ्यावा. बुडाची वाळकी मुळे खरवडून काढावीत आणि फक्त बूड पाण्याला टेकेल असा तो पेल्यावर ठेवावा. मुळे एक-दोन सेंटीमीटरची झाली की सकाळी कापून एक भाग ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड व तीन भाग अल्कोहोल या मिश्रणात दिवसभर ठेवावीत, आणि लगेच वापरायची नसतील तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये. नंतर १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये ६० अंशांवर काही मिनिटे मऊ करून, टोकाचा दोन मिलिमीटर तुकडाच ठेवून अॅसिटोकार्मिनमध्ये रंगवावा आणि कव्हरस्लिपखाली दाबावा. बिघडते ते बहुधा इथेच. तुकडा लांब घेतला की नुसत्या लांबट, विभाजन थांबलेल्या पेशी दिसतात. मुळे नीट मऊ झाली नाहीत तर पेशींचे थर एकावर एक राहतात. दाबताना कव्हरस्लिप आडवी सरकली की गुणसूत्रे फरफटतात. सगळे जमूनही बहुतेक पेशी इंटरफेजमध्येच, म्हणजे दोन विभाजनांमधल्या अवस्थेत, दिसतील. तो अपयशाचा पुरावा नाही. पेशीचा बहुतांश वेळ त्याच अवस्थेत जातो. शंभर पेशी मोजून कोणत्या अवस्थेत किती आहेत ते लिहिले, तर कोणती अवस्था किती काळ टिकते याचा अंदाज त्यावरूनच येतो. आणि या मुळात मिऑसिस शोधत बसू नये, ते फुलाच्या कोवळ्या कळीतल्या परागकोशात असते.

प्रकाशसंश्लेषणासाठी आपल्याकडे उसापेक्षा चांगले उदाहरण नाही. अथणी-चिकोडीकडच्या मुलाला विचारा, उसातली साखर कशापासून झाली? "खतापासून" हे उत्तर हमखास येते. साखरेच्या रेणूत १२ कार्बन, २२ हायड्रोजन, ११ ऑक्सिजन. नायट्रोजन एकही नाही. युरियातला नायट्रोजन प्रथिने आणि हरितद्रव्य बनायला लागतो. साखरेतला कार्बन मात्र हवेतून येतो. दुसरा प्रश्न, सुटणारा ऑक्सिजन कुठला? समीकरणात डावीकडे पाण्याचे सहाच रेणू लिहिले तर त्यातून ऑक्सिजनचे सहा अणू मिळतात आणि बाहेर तर बारा पडतात. म्हणून डावीकडे पाण्याचे १२ रेणू आणि उजवीकडे ६ लिहायचे. हा ऑक्सिजन पाण्यातलाच, याला रुबेन आणि कामेन यांनी १९४१ मध्ये जड ऑक्सिजन वापरून पुष्टी दिली.

ऊस आणि खानापूरचा भात यांची तुलनाही आकड्यांत करावी. एका ग्लुकोजसाठी भाताला १८ एटीपी (पेशीतले ऊर्जा पुरवणारे रेणू) लागतात, उसाला ३०. मग महागडा ऊस उन्हात सरस कसा? उष्ण हवेत रुबिस्को हे विकर कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडू लागते आणि भाताचा बांधलेला कार्बन वाया जातो. ऊस आधी पानाच्या मध्यपेशींत पेप कार्बोक्झिलेज या दुसऱ्या विकराने कार्बन पकडतो आणि शिरांभोवतालच्या पेशींत नेऊन तिथे दाट करतो, म्हणून रुबिस्कोची चूक टळते. जास्तीचे १२ एटीपी ही त्याची किंमत.

श्वसनाबद्दल दोनच गोष्टी. वनस्पती श्वसन रात्रीच करतात हा गैरसमज पदवीपर्यंत टिकून आहे. ते दिवसाही चालू असते. दुसरे, एका ग्लुकोजमागे एटीपी ३८ की ३२, यावरून मुले गोंधळतात. ३८ हा आकडा एनएडीएच मागे ३ आणि एफएडीएच-टू मागे २ धरून येतो (हे दोन्ही इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू). आता २.५ आणि १.५ धरतात : १० गुणिले २.५ म्हणजे २५, २ गुणिले १.५ म्हणजे ३, थेट बनलेले ४, एकूण ३२. ग्लायकॉलिसिसमधल्या (ग्लुकोज फोडण्याच्या पहिल्या टप्प्यातल्या) एनएडीएचचे इलेक्ट्रॉन दुसऱ्या शटलने, म्हणजे वाहक मार्गाने, तंतुकणिकेत गेले तर ३०. उत्तरात गुणाकार दाखवला तर कोणता आकडा का आला हे कळते, नुसता आकडा लिहिला तर नाही.

पाण्याच्या हालचालीत ऋण चिन्ह नडते. एका पेशीचे जलविभव (पाणी कोणत्या दिशेने जाईल हे ठरवणारे माप) उणे २ बार, शेजारचीचे उणे ५. पाणी कुठून कुठे? पाच मोठे म्हणून मुले उलटा बाण काढतात. उणे २ हे जास्त, म्हणून पाणी तिथून उणे ५ कडे जाते. बटाट्याचा ऑस्मोमीटर (पाणी पेशींतून शिरते हे दाखवणारा प्रयोग) करताना बुडाची साल सोलायला विसरू नये, तिच्यातून पाणी जवळजवळ जात नाही. बटाटा उकडलेलाही नसावा. पेशीपटल मेले की प्रयोगही संपला.

अनुवंशात ३:१ हे प्रमाण ठोक वाटप नव्हे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे दोघेही वाहक असलेल्या जोडप्याला चार मुले झाली तर एक आजारी असेलच असे नाही. एकही आजारी नसण्याची शक्यता ८१/२५६, म्हणजे सुमारे ३२ टक्के. डीएनएपासून प्रथिनापर्यंतचा सराव चार कोडॉनांवर (तीन-तीन अक्षरांच्या गटांवर) होतो : साचा-धागा ३ प्राइम टोकाकडून टीएसी-एएए-सीसीजी-एटीटी, तर आरएनए ५ प्राइमकडून एयूजी-यूयूयू-जीजीसी-यूएए, आणि अमिनो आम्ले मेथिओनिन, फिनाइलअॅलनिन, ग्लायसिन, इतकीच. शेवटचा कोडॉन थांबण्याचा आहे, त्याला अमिनो आम्ल देऊ नये. उत्क्रांतीत "किडीला औषधाची सवय झाली" हे शेतावरचे वाक्य उत्तरपत्रिकेत उतरते. सवय कोणत्याच किडीला होत नाही; आधीपासून तग धरू शकणाऱ्या थोड्या किडी वाचतात आणि पुढच्या पिढीत त्यांचीच संतती भरते.

सराव कोऱ्या कागदावर करावा. वीस मिनिटांत एक तक्ता किंवा आकृती काढावी, मग पुस्तक उघडून लाल पेनने दुरुस्ती करावी, आणि दोन दिवसांनी व पुन्हा आठवड्याने तोच कागद नव्याने काढावा. लाल खुणा जिथे पुन्हा पडतात तेवढेच वाचावे.

महाविद्यालयांकडे दोन मागण्या आहेत. अंतर्गत चाचणीत किमान पाच गुण असे तक्ते आणि गणिते यांना ठेवावेत. गुण असल्याशिवाय मुले पेन्सिल उचलत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि परीक्षेआधीचा महिनाभर शनिवारी दुपारी प्रयोगशाळा उघडी ठेवावी. चंदगड, जांबोटीकडून येणाऱ्या मुलांच्या परतीच्या बसची वेळ पाहून तास ठरवावेत. कांदे-बटाटे मुले घरून आणतील. अॅसिड आणि रंग मात्र शिक्षकांनी स्वतः हाताळावेत.

आपले,
जीवशास्त्राचे काही प्राध्यापक
बेळगाव-खानापूर