गिरणीवाल्यांचा बांगू

संपादक महोदय,

फुटबॉल म्हटले की आपली गाडी पेले आणि सांतोसपुढे सरकत नाही. ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोचा बांगू क्लब मात्र सोलापूरकरांनी तरी माहीत करून घ्यावा. १९०४ साली तो चक्क कापडगिरणीत जन्मला. त्या गिरणीत फुटबॉल रुजवणाऱ्यांत थॉमस डोनोहो हा स्कॉटिश रंगारी होता. १९०५ मध्ये फ्रान्सिस्को कारेगाल हा कृष्णवर्णीय विणकर संघात खेळला. १९०७ साली रिओच्या फुटबॉल लीगने कृष्णवर्णीयांना मज्जाव केला, तर बांगूने लीगच सोडली! (आपल्याकडे तेव्हा साहेबाच्या क्लबात आपल्याला कोण शिरू देत होते?) पुढे १९३३ आणि १९६६ मध्ये रिओचे विजेतेपद मिळाले. १९८५ ची राष्ट्रीय अंतिम लढत पेनल्टीवर कोरितिबा या संघाकडे गेली.

माझे वडील इथल्या एका गिरणीत रंगखात्यात होते. नखांतली निळाई दिवाळीच्या अभ्यंगालाही निघत नसे. सुटीचा भोंगा झाला की कामगारांची कबड्डी रंगायची. त्या संघांची साधी यादीही आज सापडत नाही. बांगूची गिरणी बंद पडून तिथे मॉल झाला, क्लब मात्र टिकला. पूर्व भागातल्या घरांत जुने फोटो, ढाली अजून असतील. आपल्या रविवार पुरवणीत ते छापावेत, ही विनंती.

— एक निवृत्त जॉबर, सोलापूर