साच्यातून परत आलेलं घर

लंडन, रविवार

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, गावचं घर पाडायचं ठरलं, काकांनीही सही केली. मला तेव्हा काही बोलताच आलं नाही. घर पाडू नका असं मी म्हणणार नाही. गळणारी कौलं आणि वाळवीने खाल्लेले वासे इतकी वर्षं तुम्ही सांभाळलेत, मी नाही. माझं मागणं वेगळं आहे. ते कळावं म्हणून आधी इथली एक हकीकत सांगते.

इथे कार्लटन टॅव्हर्न नावाचा एक पब आहे. बाबा, पब म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे गुत्ता येतो, ठाऊक आहे मला. पण पब म्हणजे मुळात 'पब्लिक हाउस', सगळ्या गल्लीची ओसरी. रविवारी आजी-आजोबा नातवंडांना घेऊन तिथे जेवायला येतात. मी आल्याचं सरबत घेऊन तासभर बसते, कोणी ऊठ म्हणत नाही.

चॅरिंग्टन या बिअर बनवणाऱ्या कंपनीने तो १९२०-२१ मध्ये बांधला. दुसऱ्या महायुद्धात आजूबाजूची घरं बॉम्बखाली गेली, हा उभा राहिला. पुढे मालक बदलले. नव्या मालकांना तिथे फ्लॅट बांधायचे होते. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने, म्हणजे तिथल्या पालिकेने, परवानगी नाकारली, तरी शेजाऱ्यांच्या मनातली पाल चुकचुकतच राहिली. त्यांनी वारसा इमारतींच्या सरकारी यादीत पबचं नाव घालावं म्हणून अर्ज केला. त्या निमित्ताने आतल्या-बाहेरच्या सगळ्याचे फोटो निघाले, टाइल्सचे प्लास्टरमध्ये साचे घेतले गेले. आई, टाइलचा साचा! तेव्हा एखाद्याला तो खुळेपणाच वाटला असता.

२०१५च्या ईस्टरला पब चालवणाऱ्या बाईंना सांगितलं, मालाची मोजदाद आहे, बंद ठेवा. ८ एप्रिलला बुलडोझर आला. यादीचा निर्णय दोन दिवसांवर होता.

कौन्सिलने मालकांना फर्मावलं: होता तसाच परत बांधा, विटेवर वीट. मालक अपिलात गेले, २०१६ मध्ये तिथेही हरले. मग बांधकाम सुरू झालं. कशावरून? त्या फोटोंवरून, त्या साच्यांवरून, ढिगाऱ्यातून वेचलेल्या तुकड्यांवरून. एप्रिल २०२१ मध्ये दार उघडलं. कोविडच्या नियमांमुळे लोक बाहेर थंडीत बसले, पण बसले.

आज बाहेरच्या टाइल्सवरून हात फिरवून पाहिला. गुळगुळीत, गार. जुनी कुठली आणि नवी कुठली, मला ओळखता येईना. शेजारच्या बाकावरच्या आजींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मलाही नाही ओळखू येत, आणि मी लग्नाआधीपासून येते इथे." हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. माझेही.

आपलं घर कोणी परत बांधणार नाही, हे मला कळतं. तरीही बाबा, मजूर यायच्या आधी दोन दिवस गावी जा. टेप घेऊन ओटी, माजघर, पडवी मोजा आणि वहीत लिहा. फोटो दादा काढेल. माजघराच्या चौकटीवर आमच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा आहेत, ती चौकट निघत असेल तर काढून ठेवा, मी न्यायची सोय करते. नसेल निघत, तर त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल घासा, खुणा उमटतील.

आणि देवघराजवळची दिवळी जमिनीपासून किती उंच आहे, ते टेपने नका मोजू. आईला तिथे उभी करा आणि तिचा हात कुठे जातो ते बघा. वीज गेली की ती अंधारात न चाचपडता तिथे दिवा ठेवायची. तिच्या खांद्याला लागते की कोपराला, तेवढं मला लिहून कळवा.

तुमची,
मनू