जुलैच्या बैठकीचं इतिवृत्त

प्रति,
मा. सामाजिक न्यायमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सप्रेम जय भीम.

दलित पँथर या 1972 साली मुंबईत दलित तरुणांनी काढलेल्या लढाऊ संघटनेचं नाव हल्ली सगळ्याच पक्षांच्या व्यासपीठांवरून आदराने घेतलं जातं. तिचे एक संस्थापक, कवी नामदेव ढसाळ, यांच्या दोन ओळी म्हटल्या की टाळ्याही पडतात. पण ढसाळ राजकारणात आले ते कशामुळे, हे त्या व्यासपीठांवरून सहसा ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र.

1972 साली ढसाळ तेवीस वर्षांचे होते. कामाठीपुऱ्याच्या आसपास वाढलेले, टॅक्सी चालवणारे. त्या वर्षी परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दोन दलित स्त्रियांची विटंबना झाली. इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात अख्ख्या दलित वस्तीवर बहिष्कार पडला. देशभरातल्या अशाच गोष्टी नोंदवणारा इलायापेरुमल समितीचा अहवाल तेव्हा दिल्लीत येऊन पडलेलाच होता. ढसाळ आणि त्यांचे लेखक मित्र ज. वि. पवार या बातम्यांवर बोलत मुंबईच्या रस्त्यांवरून चालायचे, आणि तसं चालता चालताच पँथर काढायचं ठरलं, असं पवारांनी सांगितलं आहे. रिपब्लिकन पक्षाच्या गटांकडे तक्रार घेऊन जाण्यात अर्थ उरला नव्हता. पुढारी आपसांत भांडण्यात गुंतलेले होते.

पँथरचे दुसरे नेते, लेखक राजा ढाले, त्याच बातम्या वाचत होते. 15 ऑगस्ट 1972 च्या ‘साधना’ साप्ताहिकातल्या लेखात त्यांनी दंडाचे दोन आकडे शेजारी ठेवले : राष्ट्रीय प्रतीकाच्या अपमानाला 300 रुपये, बाईच्या अब्रूला 50. गंमत बघा, पांढरपेशा वाचकांना झोंबला तो त्याच लेखातला राष्ट्रध्वजाबद्दलचा शब्द. त्यावर महिनोन्‌महिने वाद झाला आणि ब्राह्मणगाव बाजूला राहिलं.

मला खरं अडतं ते पुढे. अत्याचार तेच, पण दोघांनी त्यांचा अर्थ वेगळा लावला. गावात बाईवर हात टाकणाऱ्याच्या मागे जमीन असते, सावकारी असते, सत्ता असते, हे ढसाळांना दिसलं. म्हणून 1973 च्या जाहीरनाम्यात ‘दलित’ शब्दात भूमिहीन, कामगार, गरीब शेतकरी आणि स्त्रियाही आल्या. ढाल्यांना त्यात मार्क्सवादाचा वास आला. त्यांच्या लेखी मूळ जातीत होतं आणि वाट बुद्धाची होती. 1974 च्या जानेवारीत मुंबईत वरळीची दंगल पेटली. 10 तारखेच्या मोर्च्यात पँथरचे कार्यकर्ते भागवत जाधव मारले गेले. त्याच वर्षी अकोला जिल्ह्यातल्या धाकलीत दोन भावांचे डोळे काढण्यात आले. आणि वर्ष सरायच्या आत पँथर फुटली. ढसाळ पुढे कुणाकुणाच्या पंगतीला बसले हा वेगळा वाद आहे, त्यावर मीही चिडलेलो आहे. पण एका गोष्टीवर ढसाळ आणि ढाले कधी भांडले नाहीत : गुन्हा गावात घडतो, तो जिरवला जातो कचेरीत.

कचेरी म्हणजे आता तुमचं खातं, साहेब. 1989 चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, त्याचे 1995 चे नियम आहेत. नियम 16 प्रमाणे मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य दक्षता समितीची बैठक वर्षातून निदान दोनदा, जानेवारीत आणि जुलैत व्हायला हवी. नियम 17 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची समिती दर तीन महिन्यांनी. कागद काही कमी नाहीत.

तरीही 2006 साली भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत चौघांना मारलं गेलं, आणि आरोपींना शिक्षा झाली ती या कायद्याखाली नव्हे, खुनाच्या कलमाखाली. 2014 साली नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या मुलाचा खून झाला. 2017 साली आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार फिरले. साक्षीदाराला त्याच गावात, त्याच लोकांच्या शेतावर मजुरीला जायचं असतं. तो का फिरतो हे कळायला ढसाळांना आयोग लागला नव्हता.

माझी मागणी स्मारकाची नाही. गेल्या दहा वर्षांत राज्य समितीच्या आणि प्रत्येक जिल्हा समितीच्या बैठका कोणत्या तारखांना झाल्या, किती प्रकरणं समोर आली, किती साक्षीदारांना संरक्षण आणि प्रवासभत्ता मिळाला, हे खात्याच्या संकेतस्थळावर मराठीत टाका. माहिती अधिकाराचा अर्ज न करता ते बघता आलं पाहिजे.

सुरुवात परभणीपासून करावी, ही विनंती.

आपला,
एक मतदार