उंदरातली गाठ, माणसातली गाठ

माननीय संपादक महोदय,

स्तनाच्या कर्करोगावरील नव्या 'प्रतिपिंड-औषध' संयुगाने गाठी नाहीशा झाल्याची बातमी वाचून, वहिनींवर उपचार सुरू असल्याने, आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच प्रश्न आला, 'हे नाशिकला कधी मिळेल?' गाठी उंदरांमधल्या होत्या, हे सातव्या ओळीत होते!

काही स्तन-कर्करोगांच्या पेशींवर मोठ्या प्रमाणात असणारे हर-टू (HER2) प्रथिन ओळखणारे प्रतिपिंड (अँटिबॉडी) आपल्याला जोडलेले विषारी रसायन थेट गाठीतील पेशींपर्यंत पोहोचवते, ही कल्पना पोकळ नाही. ट्रास्टुझुमॅब या प्रतिपिंडापासून बनलेल्या अशाच संयुगांपैकी ट्रास्टुझुमॅब एमटान्सिनला अमेरिकेत २०१३ मध्ये, तर ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटिकॅनला २०१९ मध्ये मान्यता मिळाली. मात्र माणसाची गाठ रुजावी म्हणून ज्या उंदरांची प्रतिकारशक्ती मुळातच निकामी केलेली असते, त्यांच्या स्वतःच्या अवयवांतील हर-टू प्रथिनाला ट्रास्टुझुमॅब चिकटत नाही. त्यामुळे निरोगी अवयवांना होऊ शकणारी इजा अशा प्रयोगांत पुरती दिसत नाही. डेरुक्सटिकॅनमुळे काही रुग्णांच्या फुप्फुसांना येणारी सूज प्रसंगी जिवावर बेतते. वहिनींना हे समजावताना माझी तारांबळ उडाली. निदान 'उंदरांवर' हा शब्द मथळ्यात छापावा, ही विनंती.

— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक