तलफ आल्यावर काय करायचं, हे कोण शिकवणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी एसटीत कंडक्टर होतो. दरवर्षी ३१ मेला आगारात तंबाखूविरोधी शपथ व्हायची. हात पुढे करून आम्ही सगळे शपथ घ्यायचो आणि अर्ध्या तासात गाडी फलाटावर लागली की तंबाखूचा बार भरायचो. शपथ खोटी नसायची, कारण बहुतेकांना खरंच सोडायची होती. पण त्या अर्ध्या तासात काय करायचं, हे कोणी शिकवलं नव्हतं.

मी २६ वर्षं तंबाखू खाल्ली. पुडीवरचं कॅन्सरचं चित्र रोज पाहत होतो. एका मित्राचा जबडा काढलेला पाहिला, त्यानंतर चार दिवस खाल्ली नाही. पाचव्या दिवशी पुन्हा सुरू. भीती टिकत नाही, एवढं मला तेव्हा कळलं.

माझी सुटली ती एका सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंमुळे. ‘का खाता?’ असं त्यांनी विचारलंच नाही. ‘केव्हा केव्हा खाता?’ असं विचारलं आणि खिशात एक छोटी वही ठेवायला सांगितली. आठवडाभर प्रत्येक बार लिहिला. दिवसाला चौदा. पहाटे मुक्कामी गाडी सोडताना, प्रत्येक चहानंतर, सुट्ट्या पैशांवरून प्रवाशाशी वाद झाल्यावर, रात्री रोकड मोजताना. चौदापैकी निम्म्या वेळी तर मला तलफ आलेली नव्हती, फक्त हात पुडीकडे गेला होता. हे वहीशिवाय मला कधीच दिसलं नसतं.

मग त्यांनी तलफेकडे बघायला शिकवलं. तलफ आली की तिच्याशी भांडायचं नाही आणि तिचं ऐकायचंही नाही. ती अंगात कुठे जाणवते ते बघायचं. मला जबड्यात जाणवायची, ओठाखाली पाणी सुटायचं, छातीत घाई व्हायची. श्वासावर लक्ष ठेवून हे नुसतं बघत राहायचं. ती चढते, टोकाला जाते आणि काही मिनिटांत उतरते. आपण इतकी वर्षं ती उतरायच्या आधीच बार भरत आलो, म्हणून ती उतरते हे आपल्याला माहीतच नसतं. इगतपुरीच्या विपश्यना शिबिराला जाऊन आलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. मी शिबिराला गेलो नाही, चालत्या गाडीत दांडा धरून उभ्याउभ्या शिकलो.

पहिला आठवडा फार वाईट गेला. चिडचिड, झोप नाही, पोट साफ नाही. ताईंनी निकोटिनचं च्युइंगगम घ्यायला सांगितलं, त्याचाही आधार झाला. दीड महिन्यानं भाऊ वारला. दहाव्याला मी एक बार भरला आणि लाजेनं दवाखान्यात जायचं थांबवलं. तेव्हा त्यांचा फोन आला. ओरडल्या नाहीत. ‘वहीत लिहिलंत का?’ एवढंच विचारलं. तो फोन आला नसता तर मी आजही खात असतो.

माझी मुलगी नर्स आहे. तिनं सांगितलं की अमेरिकेत येल विद्यापीठातल्या संशोधकांनी सिगारेट ओढणाऱ्या ८८ जणांवर अशा सजगतेच्या शिक्षणाचा अभ्यास करून २०११ साली प्रसिद्ध केला. सुरुवातीपासून १७ आठवड्यांनी हे शिकलेल्यांपैकी ३१ टक्के आणि नेहमीचा कार्यक्रम केलेल्यांपैकी ६ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते. पुढे अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा इतका फरक दिसला नाही, हेही तिनंच सांगितलं. म्हणून हा रामबाण उपाय आहे असा माझा दावा नाही. पाठपुरावा करणारं माणूस मात्र हवंच.

दारू आणि गर्दच्या व्यसनासाठी पुण्यात १९८६पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. तिथून बाहेर पडल्यावरही पाठपुरावा असतो. तंबाखूला मात्र आपण व्यसन मानतच नाही. २०१६-१७च्या सरकारी पाहणीत राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, आणि त्यातले बहुतेक धूर न काढणारे, म्हणजे चुना लावून खाणारे, खर्रा घोटून घेणारे, मिश्री लावणारे. गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे. बंदीनं माल लपतो, तलफ जात नाही. तंबाखू सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा मोफत फोन नंबर पुडीवर छापलेला असतो, पण आमच्या आगारात तो कोणी लावल्याचं मला आठवत नाही. शपथेच्या दिवशी हा नंबर सगळ्यांसमोर लावून दाखवा. आगारात, साखर कारखान्यात, एमआयडीसीत महिन्यातून एकदा समुपदेशक बसू द्या. आशाताईंना ही वहीची पद्धत शिकवा, कारण मिश्री लावणारी बाई तालुक्याच्या दवाखान्यात येणार नाही.

आणि समुपदेशकांना अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर ठेवू नका. माझ्या बायकोनं गेल्या वर्षी स्वतःहून मिश्री सोडायची म्हटलं. तिला घेऊन त्याच दवाखान्यात गेलो. ताईंचं कंत्राट संपलं होतं, त्या जागी दुसरं कोणी आलं नव्हतं आणि खोलीला कुलूप होतं. सध्या माझीच जुनी वही तिला दिली आहे. मागची पानं कोरी होती.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक,
जि. सातारा