व्हिसा हातात आल्यानंतरची तयारी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशी शिक्षणाविषयी जे छापून येते त्यातली बहुतेक जागा प्रवेश परीक्षा, विद्यापीठांची क्रमवारी आणि व्हिसाची मुलाखत यांनाच जाते. त्यामुळे व्हिसा मिळाला की तयारी संपली, असे विद्यार्थ्यांना आणि पालकांनाही वाटू लागते. पण हुशार मुलांचे वर्ष अडते ते पुढच्या साध्यासुध्या गोष्टींमुळे, आणि त्यातल्या बऱ्याचशा निघण्याआधीच निस्तरता येण्यासारख्या असतात. म्हणून हे पत्र.

सुरुवात नावापासून करावी. पासपोर्ट, पदवी प्रमाणपत्र आणि बँक खाते या तिन्हींवर नाव अक्षरशः एकच हवे. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर अमेरिकेच्या व्हिसावर तुमचे एकुलते एक नाव आडनावाच्या जागी जाते आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिले नाव माहीत नाही) ही अक्षरे छापली जातात. मग विद्यापीठाच्या ओळखपत्रापासून वाहन परवान्यापर्यंत ती पाठ सोडत नाहीत. दुरुस्ती पासपोर्टातच आणि तीही अर्ज भरण्याआधी करावी.

ट्रान्स्क्रिप्टच्या, म्हणजे सर्व सत्रांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याच्या, चार-पाच सीलबंद प्रती जास्तीच्या काढून ठेवाव्यात. त्याहून जास्त दुर्लक्ष होते ते अभ्यासक्रमाच्या तपशिलाकडे. पूर्वी शिकलेल्या विषयाचे क्रेडिट द्यायचे की नाही, म्हणजे तो पूर्ण झाला असे धरायचे की नाही, हे तिथला प्राध्यापक विषयाच्या नावावरून ठरवत नाही. ‘गणित भाग २’ या नावावरून त्याला काहीच कळत नाही. प्रकरणे कोणती, तास किती, पुस्तके कोणती, प्रयोग कोणते, हे विभागाच्या शिक्क्यासह लेखी असेल तर शिकलेलाच विषय पुन्हा घेण्याची वेळ टळू शकते. हा कागद दुसऱ्या देशात बसून मिळवायचा तर महिने जातात.

पैशांच्या पुराव्यात चूक होते ती रकमेपेक्षा तारखांची. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी ठरलेली रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते आणि त्या २८ दिवसांचा शेवट अर्जाच्या तारखेपूर्वी ३१ दिवसांच्या आत यावा लागतो. मधल्या एखाद्या दिवशी शिल्लक थोडी जरी खाली गेली, तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो. बहुतेक वेळा होते असे, की त्याच खात्यातून विमानाचे तिकीट काढले जाते. या २८ दिवसांत त्या खात्याला हातच लावू नये.

जर्मनीत वेगळी अडचण येते. तिथे वर्षभराचा खर्च ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच भरावा लागतो आणि तो महिन्याच्या हप्त्याने मिळतो. हा हप्ता सुरू व्हायला बहुधा तिथले चालू खाते लागते, ते उघडायला पत्ता लागतो, आणि पत्त्याची नोंद घर मिळाल्याशिवाय होत नाही. म्हणून पहिल्या पाच-सहा आठवड्यांचा खर्च वेगळा जवळ हवाच.

घराचे थोडे सविस्तर सांगायला हवे. जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिला ‘अनमेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी नुसता भाडेकरार पुरत नाही, घरमालकाचे वेगळे लेखी पत्र लागते. पोटभाड्याने खोली देणारे कित्येक जण भाडे घेतात आणि हे पत्र द्यायला मात्र तयार नसतात. नोंदणी अडली की कर क्रमांक, निवास परवाना सगळेच अडते. तेव्हा डिपॉझिट भरण्यापूर्वी ‘नोंदणीसाठी पत्र देणार का?’ हा प्रश्न लेखी विचारावा. आणि राहायला गेल्या दिवशीच टपालपेटीवर आपले नाव चिकटवावे. नाव दिसले नाही तर टपालवाला पत्र परत नेतो, आणि कर क्रमांक टपालानेच येतो. देश कोणताही असो, न पाहिलेल्या घरासाठी अनोळखी माणसाच्या खात्यावर पैसे पाठवू नयेत. वसतिगृहाचा अर्ज बहुतेक ठिकाणी प्रवेशापासून वेगळा असतो. त्याची मुदत वेगळी पाहावी.

आता खुद्द अभ्यास. आठवड्याला पंधरा-वीसच तास वर्ग असतात, हे वेळापत्रकात पाहून विद्यार्थी निर्धास्त होतात. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत वर्षाला ६० क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचे काम. म्हणजे सहा क्रेडिटच्या विषयाला १५० ते १८० तास. आठवड्याला चार तासिका, असे चौदा आठवडे, म्हणजे ५६ तास. उरलेले शंभरेक तास वाचन, गृहपाठ आणि लेखन तुमचे तुम्ही करायचे असते आणि त्याची आठवण कोणी करून देत नाही. पहिल्याच आठवड्यात सगळ्या विषयांच्या सादरीकरणाच्या आणि परीक्षेच्या तारखा एकाच कागदावर उतरवल्या, तर कोणत्या आठवड्यात तीन कामे एकदम अंगावर येणार हे डोळ्यांसमोर राहते. जर्मनीत परीक्षेसाठी पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते. ती चुकली तर वर्गात रोज बसलेल्यालाही पेपर देता येत नाही. तिथल्या अनेक विद्यापीठांत आवश्यक विषयात तिसऱ्यांदा नापास झाल्यास तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो. तयारी नसेल तर मुदतीत नाव मागे घेणे शहाणपणाचे.

लेखनातल्या उचलेगिरीच्या आरोपात सापडणाऱ्यांपैकी कित्येकांचा हेतू वाईट नसतो. दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत लिहिला की तो आपला झाला, अशी त्यांची समजूत असते. संदर्भ दिला नाही तर तीही उचलच ठरते. आपलाच जुना निबंध दुसऱ्या विषयासाठी दिला तरी कारवाई होऊ शकते. निघण्याआधी दोन-तीन पानांचा एखादा लेख प्रत्येक आधाराचा उल्लेख करत लिहून पाहावा. तेवढ्याने हात बसतो.

प्राध्यापकांच्या भेटीच्या ठरावीक वेळा असतात, आणि त्यांचा लाभ सर्वांत कमी घेतात ती बाहेरून आलेली मुले. संकोच वाटतो, हे समजण्यासारखे आहे. पण ‘मला काही समजले नाही’ असे म्हणत जाण्यापेक्षा ‘या पायरीपर्यंत आलो, पुढे इथे अडलो’ असे लिहिलेला कागद घेऊन जावे. पुढे शिफारसपत्र लागते तेव्हा नावाला चेहरा जोडता येतो तो अशा भेटींमुळेच.

अर्धवेळ कामाचे तास नीट मोजावेत. ऑस्ट्रेलियात सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, आणि पंधरवडा कोणत्याही सोमवारपासून मोजला जातो. चार आठवड्यांत अनुक्रमे २०, २८, २८ आणि २० तास काम केले तर पहिली जोडी ४८, शेवटची जोडी ४८, म्हणजे सारे ठीक वाटते. मधल्या दोन आठवड्यांची बेरीज मात्र ५६ होते आणि व्हिसाची अट मोडते. कॅनडात संकुलाबाहेर आठवड्याला २४ तास, ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना सत्रात २० तास, अशा आजच्या मर्यादा आहेत. हे आकडे बदलतात, म्हणून सरकारी संकेतस्थळावर स्वतः पाहावे, मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये.

अमेरिकेत ऑगस्टमध्ये पोचणाऱ्याने एक पानी रेझ्युमे तयार ठेवूनच विमानात बसावे. पुढच्या उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपसाठी मोठ्या कंपन्या ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच अर्ज घेऊ लागतात. स्थिरावल्यावर बघू म्हणणाऱ्याची ती फेरी हुकते.

औषधांच्या चिठ्ठीवर ब्रँडचे नव्हे, मूळ घटकाचे नाव लिहून घ्यावे. देशागणिक ब्रँड बदलतात. काही घटकांवर बंदीही असते. स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची औषधे जपानमध्ये नेता येत नाहीत. दातांचा खर्च विद्यार्थी विम्यात बहुधा नसतो, तेव्हा दात आधीच दाखवून घ्यावेत. उत्तरेकडच्या शहरांत जाणाऱ्यांनी प्रकाशाचाही विचार करावा. डिसेंबरअखेर एडिंबरामध्ये दिवस जेमतेम सात तासांचा असतो, हेलसिंकीत सहाहूनही कमी. त्या दिवसांत येणारी मरगळ म्हणजे आळस नव्हे. रोज दुपारी अर्धा तास बाहेर पडणे वेळापत्रकातच लिहून टाकावे, आणि तरी मन उठत नसेल तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जावे. ही सेवा बहुतेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांना विनामूल्य असते.

आपण प्रवेशाचे वेळापत्रक छापता, त्यालाच जोडून निघण्याआधीचे तीन महिने आणि पोचल्यानंतरचे तीन महिने यांचेही वेळापत्रक देशवार छापावे, अशी कळकळीची विनंती आहे. जूनमध्ये छापले तर सप्टेंबरला वर्ग सुरू होणाऱ्यांच्या ते वेळेत हाती पडेल.

आपला विश्वासू,
परदेशी शिक्षण मार्गदर्शनाच्या कामातील एक वाचक