शेततळे पावसाने भरावे, मोटारीने नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागात कांदा-बाजरी करतो. पाऊस आमच्याकडे पोहोचेपर्यंत थकलेला असतो. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, तेव्हा मलाही ५० हजारांचे अनुदान मिळाले. ओढ्याच्या कडेला ३० बाय ३० मीटरचे, ३ मीटर खोल तळे खोदले, तळाला कागद, म्हणजे प्लास्टिकचे अस्तर न टाकता. दिवाळीपर्यंत ते आटते. पण खालच्या अंगाच्या तीन विहिरी, ज्यांचा तळ संक्रांतीला दिसायचा, त्या होळीपर्यंत पाणी देऊ लागल्या. जिरलेले पाणी कुठे गेले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले.

पुढे वरच्या अंगाला कागदाची तळी झाली. चारही बाजूंनी पुरुषभर उंच भराव, आत काळे प्लास्टिक. ओढ्याचे पाणी आत शिरायला वाटच नाही. मग तळे भरते कशाने? भाद्रपदात रात्री थ्री फेज लाइट आली की विहिरीवरची मोटार सुरू होते आणि तीन इंची पाइप सकाळपर्यंत तळ्यात पडत राहतो. विहीर झरेल तसे पाणी वर न्यायचे. असे २२ लाख लिटरचे तळे भरले की खालच्या विहिरींचे काय होत असेल? त्या तिन्ही विहिरींना पुन्हा संक्रांतीलाच तळ लागतो.

बागाईतदारांना मी नावे ठेवत नाही. डाळिंबावर लाखांचे कर्ज काढलेला माणूस एप्रिलचे पाणी कार्तिकातच बांधून ठेवणार. त्याच्या जागी मी असतो तर वेगळे वागलो असतो, असे छातीठोक सांगवत नाही. चूक अनुदानाच्या नियमात आहे.

खोदाईची मापे घेतली जातात, फोटो चढतो, पैसे खात्यात येतात. पुढे तळ्यात पाणी कुठून येते, हे पाहायला कोणी फिरकत नाही. त्यात अस्तरीकरणाला, म्हणजे कागद टाकायला, वेगळे अनुदान आहे. म्हणजे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या तळ्याला सरकार एकदाच पैसे देते आणि विहिरीचे पाणी उन्हात मांडणाऱ्या तळ्याला दोनदा. उन्हाळ्यात दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी उडून जाते. भरलेल्या तळ्यावर ते सात ते नऊ हजार लिटर होते. तेवढ्यासाठी खालच्या वस्तीवरच्या बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. ज्यांच्या नावे सातबाराच नाही, त्यांना ना तळे ना अनुदान. विहीर आटल्याचा चटका मात्र पहिला त्यांनाच.

राज्याचा भूजल अधिनियम २०१४ पासून लागू आहे. त्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला बंदी आहे. बोअरच्या गाड्या मात्र गावोगाव त्याच्या कितीतरी खाली जातात, आणि ते पाणीही तळ्यातच पडते. उलट शेजारच्या जिल्ह्यात हिवरे बाजार गावाने शेतीसाठी बोअर बंद ठेवले, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला आणि पीक त्यावर ठरवले.

२०२२ पासून हे अनुदान ७५ हजारांपर्यंत वाढले आहे. तेव्हा कृषी विभागाला माझी विनंती आहे. ज्या तळ्याला ओढ्याचे किंवा शेताचे वाहते पाणी आत घेण्याची वाट आहे, त्यालाच अनुदान द्यावे. पावसाळ्यानंतर एकदा येऊन ती वाट उघडी आहे का, हे पाहावे. कागदासाठी पैसे देण्याआधी त्या शिवारात किती पाणी मुरते आणि किती उपसले जाते, याचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवावा. आणि बिनकागदी तळ्यांचा गाळ काढायला थोडी रक्कम ठेवावी. माझ्या तळ्यात आता कमरेइतका गाळ आहे. पाणी पूर्वीसारखे जिरत नाही. जेसीबी लावायचा तर खर्च पदरचा, आणि फायदा खालच्या तिघांचा. तरी या वैशाखात मी तो काढणार आहे.

– एक शेतकरी वाचक, ता. सिन्नर, जि. नाशिक